रेघेखालचं न्यू जर्सी

एडिसन
४ फेब्रुवारी २०२५

चि. नीलांबरीस आशीर्वाद,

खोकं पोचलं. तुझं पत्र नेहमीप्रमाणे मेतकुटाच्या पाकिटांखाली दडपलेलं होतं, वासासकट मिळालं. दीड पान लिहिलंस, त्यातलं पाऊण पान माझ्या गुडघ्यांबद्दल. गुडघे बरे आहेत. कान मात्र गेले ते गेलेच. नवं मशीन कानात घातलं की नुसत्या शिट्ट्या मारतं, तेव्हा फोनचा हट्ट सोड. पत्र बरं. पत्रात ‘काय? काय?’ करावं लागत नाही.

मंडळाचं हळदीकुंकू रविवारी झालं. पुरुषांना आत मज्जाव, म्हणून मी दारातच खुर्ची टाकली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीकडून ऑर्डर घेतली. एकही सुटली नाही. थालिपिठाची भाजणी अठ्ठेचाळीस, मेतकूट एकतीस, उपासाची भाजणी बावीस. नावं-पत्ते मागच्या पानावर. माल नेहमीसारखा फ्रीमाँटहून थेट त्यांच्या घरी जाऊ दे. ज्ञानदेवांचा अपार्टमेंट नंबर बदललाय, तो नीट बघ. मागच्या वेळी त्यांची भाजणी खालच्या मजल्यावरच्या एका गुजराती कुटुंबाने खाल्ली, आणि आता तेही महिन्याला चार पाकिटं मागवतात.

आता रेघ ओढतो. रेघेच्या वर कंपनीचं, रेघेच्या खाली आपलं.

———————

स्वानंदीकडे गेलो होतो. ती नागपूरची मुलगी, मागच्या वर्षी इथे राहायला आलेली. तिच्या भाजणीला खवट वास येत होता. ‘काका, असू द्या ना, चालतं,’ म्हणाली. चालतं म्हणजे काय? पाकिटावर तुझ्या आत्याचं नाव आहे! हरभराडाळ एका रंगाने जास्त भाजली गेली तर अख्खी कढई ओतून देणारी बाई होती ती. तिच्या नावाने खवट पीठ लोकांच्या घरात गेलेलं मला नाही चालत.

तसाच घरी आलो, गॅरेजातल्या फळीवरून ताजं पाकीट काढलं आणि वीस मिनिटांत तिच्या हातात दिलं. तिने लगेच थालिपीठ लावलं. भोकं चारच पाडली. मी म्हटलं, आमच्याकडे पाच पाडतात, एक मधोमध. तिने मुकाट्याने पाचवं पाडलं. गुणी आहे.

तुझा,
गुरुनाथ आतोबा


फ्रीमाँट
१८ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. आतोबांना सा. न.

हे पत्र खोक्यातून येत नाहीये, साध्या पाकिटातून येतंय. प्लीज आधी पूर्ण वाचा, मग चिडा.

स्वानंदीने आपल्या भाजणीच्या पेजवर रिव्ह्यू टाकलाय. पाच स्टार. ‘गुरुनाथकाकांनी त्यांच्या गॅरेजमधून वीस मिनिटांत पाकीट बदलून दिलं!’ खाली फोटो: तुम्ही, तुमची माकडटोपी, आणि मागे तीन फळ्या भरून मृणालिनी फूड्स. मला इतकं भारी वाटलं की मी तो फोटो सरळ संघमित्राला फॉरवर्ड केला. संघमित्रा म्हणजे आपली नवीन अकाउंटंट, टेक्सासात फ्रिस्कोला असते. ही पण नागपूरचीच. कंपनीच्या नफ्यात कुठल्या राज्याचा किती वाटा, दिवसभर एवढंच काम करते. तिचा एका मिनिटात फोन. ‘नीलांबरी, हे काय आहे?’ मी म्हटलं, आमचे आतोबा. ती म्हणाली, ‘ते दिसतंय. मागे काय आहे?’

तर ऐका. आपली कंपनी एक, नफा एक, पण राज्यं पन्नास. मग वाटा कसा ठरवायचा? पूर्वी जागा कुठे, पगार कुठे आणि विक्री कुठे, असं तिन्ही बघायचे. आता बहुतेक ठिकाणी नुसती विक्री बघतात. शंभर पाकिटांतली तीस ज्या राज्यात गेली, त्याचा तीस टक्क्यांवर हक्क.

पण १९५९ सालचा एक फेडरल कायदा आहे. त्यात म्हटलंय की तुमचा माणूस एखाद्या राज्यात फक्त ऑर्डरी गोळा करत असेल आणि माल बाहेरून येत असेल, तर ते राज्य तुमच्या नफ्याला हात लावू शकत नाही. तुम्ही कागदोपत्री आमचे ऑर्डर घेणारे. तिथवर सगळं ठीक. सॅम्पल वाटलेलं पण चालतं. पण माल साठवून ठेवला, आणि खराब पाकीट बदलून दिलं, की संपलं! मग न्यू जर्सी म्हणणार, तुम्ही आमच्याकडे दुकान मांडलंय, टाका आमचा वाटा.

आतोबा, अनीश तुम्हाला जी खोकी पाठवायचा त्यावर ‘सॅम्पल’ लिहिलेलं असायचं. माझा नवराच पॅकिंग बघतो म्हणून मी कधी विचारलंच नाही. मला वाटायचं, तुम्ही मंडळात चाखायला वाटता. फळ्या ठोकल्यात हे मला कुठे माहीत?

तर प्लीज: सगळी खोकी परत पाठवा, खर्च माझा. पाकिटं बदलून देणं बंद. सोबत संघमित्राने दिलेला इंग्रजी कागद आहे, त्यावर सही करा. आणि स्वानंदीला तो फोटो काढायला सांगा. संघमित्रा म्हणते आपण न्यू जर्सीला आपणहून सांगून टाकू. मी म्हटलं, थांब बाई, आधी गॅरेज तर आवरू. तोपर्यंत कुणाला काही बोलू नका हं.

गुडघे?

तुमची,
नीला


एडिसन
२ मार्च २०२५

श्रीमती मॅनेजिंग डायरेक्टर,
मृणालिनी फूड्स इन्कॉर्पोरेटेड, फ्रीमाँट, यांस:

आपला इंग्रजी कागद मिळाला. सही करून सोबत जोडला आहे. ‘कर्मचाऱ्याने सदर वर्तन तत्काळ थांबवावे’ असं त्यात म्हटलं आहे. सदर वर्तन थांबवलं आहे.

अकरा खोकी परत पाठवली. शेजारचा प्रितम उचलू लागला, बिचाऱ्याची कंबर धरली. फळ्या काढल्या. चार वर्षांनी गाडी गॅरेजात गेली. तिला तिथे काही बरं वाटत असेल असं वाटत नाही.

१९५९ साली मी दहा वर्षांचा होतो आणि कराडला विहिरीत पोहायला शिकत होतो. मी पुढेमागे एडिसनला जाऊन कुणाचं खवट पीठ बदलून देईन, हे वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या लोकांना तेव्हापासून ठाऊक होतं, याचं कौतुक वाटतं.

ऑर्डरी घेण्याचं कामही आजपासून सोडतो. पाकीट खराब निघालं तर ‘फ्रीमाँटला ईमेल करा’ असं सांगून दारातून परत फिरायचं, हे मला जमणार नाही. आजवर लोक मला ‘या काका’ म्हणत आले ते मी पाकीट घेऊन जायचो म्हणून. रिकाम्या हाताने कुणाची बेल वाजवायची?

आज रेघ ओढलेली नाही. वर लिहायला काही नाही, आणि खाली काय लिहावं ते सुचत नाही.

आपला,
गुरुनाथ (माजी कर्मचारी)


फ्रीमाँट
३० एप्रिल २०२५

ती. स्व. आतोबा,

हे माझं तिसरं पत्र. दोन्हींना उत्तर नाही. इतका राग? अहो, मी तुमच्या मांडीवर बसून लोकांच्या मुंजी बघितल्यात, आणि तुम्ही मला ‘श्रीमती’ लिहिता?

इथे सगळं मजेत. कंपनी मजेत. ऑर्डरी, ठीकठाक. अनीश म्हणतो, एडिसनच्या जरा कमी झाल्यात, पण सीझन नाहीये ना. फक्त ज्ञानदेवकाका जोरात आहेत, या वयात महिन्याला बारा-बारा पाकिटं! त्यांना माझा नमस्कार सांगा.

एक ओळ तरी लिहा. प्लीज यार, आतोबा.

नीला


एडिसन
९ मे २०२५

पत्र मिळालं. प्रकृती ठीक. गाडी गॅरेजात आहे.

गुरुनाथ


फ्रीमाँट
१ जून २०२५

ती. स्व. आतोबा,

तुमची ती तीन वाक्यं फ्रिजवर लावलीत. अनीश रोज वाचून हसतो. मी हसत नाही.

मागच्या पत्रात ‘सगळं मजेत’ लिहिलं ते साफ खोटं होतं. त्याच आठवड्यात कॅलिफोर्नियाच्या टॅक्सवाल्यांची नोटीस आली होती. मागच्या काही वर्षांचा सगळा हिशोब त्यांनी उकरून काढलाय. आपल्या शंभर पाकिटांतली पंचेचाळीस इथे कॅलिफोर्नियात खपतात, पस्तीस तुमच्या न्यू जर्सीत, उरलेली वीस इकडेतिकडे. आम्ही इथे पंचेचाळिसांवर टॅक्स भरत होतो. आमचा आधीचा अकाउंटंट म्हणायचा, बाहेर गेलेल्याचं बाहेरचे बघतील. पण बाहेर तर आम्ही कुठेच भरत नव्हतो! तर कॅलिफोर्नियाचा नियम असा की, माल आमच्या दारातून निघाला आणि जिथे गेला त्या राज्याला तुमच्यावर टॅक्स लावायचा हक्कच नाही, मग ती पाकिटं आमचीच समजायची. म्हणजे शंभरच्या शंभर त्यांची.

रक्कम सांगत नाही, तुमचं बीपी वाढेल. एवढंच सांगते की ती भरली तर या किचनचं भाडं भरता येणार नाही. मशिनं विकावी लागतील. आतोबा, कंपनी बंद करावी लागेल. आत्याचं नाव पाकिटावरून जाईल, ह्या विचाराने मला महिनाभर झोप नाही. आणि हे तुम्हाला सांगायची हिंमत होत नव्हती, कारण तुम्हाला मी आधीच इतकं दुखवून ठेवलंय.

परवा संघमित्राने विचारलं, ‘त्या गॅरेजचं काय झालं?’ मी अभिमानाने सांगितलं, केव्हाच रिकामं केलं, काळजी नको. तर ती फोनवर ओरडलीच. ‘अगं बाई! ते गॅरेजच तर पाहिजे आपल्याला!’

मला आधी कळेना. मग तिने लहान मुलाला सांगतात तसं सांगितलं. तुमच्या गॅरेजात आपला माल होता आणि तुम्ही पाकिटं बदलून देत होता, म्हणजे त्या १९५९च्या कायद्याचं पांघरूण आपल्यावर नव्हतंच. म्हणजे न्यू जर्सीला आपल्यावर टॅक्स लावायचा पूर्ण हक्क होता. आणि हक्क न्यू जर्सीचा असेल, तर ती पस्तीस पाकिटं कॅलिफोर्नियाला आपली म्हणता येत नाहीत. न्यू जर्सीकडे आपण स्वतःहून गेलो, मागचं व्याजासकट भरलं, तर ते दंड माफ करतात. कॅलिफोर्नियाचा आकडा निम्म्याच्या खाली येतो. कंपनी वाचते.

म्हणजे मी तुम्हाला ज्याच्यावरून कागद पाठवला, जे लपवायला सांगितलं, तेच आता ओरडून सांगायचंय. संघमित्राने फेब्रुवारीतच सांगितलं होतं की लपवू नको. मी कधी ऐकलंय कुणाचं?

पण पुरावा पाहिजे. गॅरेजात माल कधीपासून, बदलून कधीपासून, हे त्या-त्या वेळी लिहिलेलं, तारखेसकट. मी म्हटलं असं कोण लिहून ठेवतं? आणि म्हणता म्हणता मला तुमची पत्रं आठवली.

एकसष्ट पत्रं आहेत. ‘एनजे ऑर्डर्स’ नावाच्या फाइलीत. किचनमध्ये भाजणीच्या पोत्यावर बसून सकाळी दहाला सुरुवात केली. अनीशने दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही गार झाले.

आतोबा, मी चार वर्षं फक्त रेघेच्या वरचं वाचत होते. ऑर्डरी उतरवायच्या, पत्र फाइलीत टाकायचं, उत्तरात गुडघ्यांची चौकशी करायची. खाली कधी गेलेच नाही. घाई असायची, हे काही कारण नाही. लाज वाटते मला.

११ मार्च २०२१: ‘ज्ञानदेवांचं पाकीट वाटेत फाटलं होतं. अनीशने पाठवलेल्या सॅम्पलच्या खोक्यातलं बदलून दिलं. गॅरेजात एक फळी ठोकली आहे, आता तिथेच ठेवत जाईन.’ संघमित्राने हे वाचून शिट्टी मारली. म्हणाली, इतका स्वच्छ पुरावा तिने आयुष्यात पाहिला नाही.

२ नोव्हेंबर २०२२: ‘आज चार पाकिटं बदलून दिली. खरं तर तीनच खराब होती. चौथ्या घरी उगाच गेलो. घरात फार शांत वाटत होतं.’

९ जून २०२३: ‘तुझ्या आत्याच्या नावाचं टपाल आता पूर्ण थांबलं. आधी बँक थांबली, मग लायब्ररी. ते गालिचे धुणाऱ्यांचं कुपन तेवढं येत होतं, तेही बंद झालं. या पत्त्यावर आता तिला कुणी लिहीत नाही.’

पहिलं संघमित्रासाठी होतं. बाकीची माझ्यासाठी होती, आणि मी ती न वाचता पंच करून फाइलीला लावली. आतोबा, मी पोत्यावर बसून ढसाढसा रडले. मला माफ करा. तुम्ही एकटे होता आणि मला दर महिन्याला सांगत होता.

सोबत एक निवेदन आहे, गॅरेजाबद्दल. जूनच्या अखेरीपर्यंत उत्तर द्यायचंय. पत्रांचं इंग्रजी भाषांतर होऊन ती कॅलिफोर्नियाला जाणार. घरगुती ओळी संघमित्रा काळ्या करणार आहे, तो तिचा शब्द. राग असेल तर राग राहू द्या, पण सही करा.

तुमची,
नीला


एडिसन
८ जून २०२५

चि. नीले,

निवेदन परत पाठवत आहे. सही केली नाही.

घाबरलीस ना? थांब. तिसऱ्या ओळीत तुझ्या संघमित्राने लिहिलंय की गुरुनाथ यांनी ‘अनवधानाने’ पाकिटं बदलून दिली. अनवधानाने? मी? चार वर्षं, बर्फातून, गुडघे धरून, एकेकाच्या दारात गेलो तो काय झोपेत चालत होतो? मी ते पूर्ण शुद्धीत, समजून-उमजून केलं, आणि पुन्हा करीन. तो शब्द काढ. मग सही मिळेल. शब्द काढल्याने कॅलिफोर्नियाचं काही बिघडत असेल तर बिघडू दे. खोट्यावर मी सही करणार नाही.

आता तू खरं बोललीस, तर मीही बोलतो. ज्ञानदेवांना मेतकूट आवडत नाही. कधीच आवडलं नाही. मार्चपासून त्यांच्या नावाने महिन्याला बारा पाकिटं मागवतो तो मी, रोख पैसे मोजून. त्यांच्याकडून उचलतो आणि कुणाचं खराब निघालं की बदलून देतो. यात तुझा कायदा मोडत नाही. मी नोकरी सोडली आहे, म्हणजे मी गिऱ्हाईक. गिऱ्हाईकाने आपलं पाकीट कुणालाही द्यावं. मी हे तुझ्या त्या इंग्रजी कागदाशी ताडून बघितलं आहे.

आणि रेघेबद्दल. तू खालचं वाचत नाहीस हे मला माहीत होतं गं. फार आधीपासून. २०२२च्या गणपतीत मी रेघेखाली लिहिलं होतं की ओक ट्री रोडवर मला हत्ती चावला. तुझं उत्तर आलं: ‘ऑर्डरी मिळाल्या, गुडघे कसे आहेत?’ तेव्हा दोन दिवस वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मग म्हटलं, जाऊ दे, पोरीच्या मागे कामं आहेत. तरी लिहीत राहिलो. कागदावर उतरवलं की कुणाला तरी सांगितल्यासारखं वाटायचं. संध्याकाळ बरी जायची.

तो हत्ती तेवढा आठवणीने काळा करायला सांग. नाहीतर कॅलिफोर्नियावाले त्याचीही चौकशी लावतील.

बाकीच्या ओळी मात्र काळ्या करू नका. घरात शांत वाटत होतं म्हणून चौथ्या घरी गेलो, हे कॅलिफोर्नियाला कळलं तर कळू दे. चौथं पाकीटही न्यू जर्सीतच दिलं ना?

कंपनी बंद होणार नाही. होऊ द्यायची नाही. एवढं तू तिकडे बघ, मी इकडे बघतो.

तुझा,
आतोबा

ता. क. आत्याचा वाढदिवस परवा. खीर करतोय, स्वानंदी येणार आहे. तुझ्या वाटणीची तीच खाणार.


फ्रीमाँट
८ डिसेंबर २०२५

ती. स्व. आतोबांना साष्टांग, लोटांगण, जे जे म्हणून असेल ते सगळं!

सुटलो! परवा कागद आला. सहा महिने लोंबकळत ठेवलं, पण कॅलिफोर्नियाने न्यू जर्सीची पस्तीस पाकिटं सोडली. बाकीची वीस सोडली नाहीत, ती भरली. न्यू जर्सीला चार वर्षांचं व्याजासकट भरलं, दंड माफ. नवीन भट्टीचं मशीन पुढच्या वर्षावर गेलं आणि अनीशने नवी गाडी कॅन्सल केली. पण किचन आहे, कंपनी आहे, आणि पाकिटावर आत्या आहे.

‘अनवधानाने’ काढला होता, बरं का. संघमित्राने त्या जागी ‘जाणीवपूर्वक आणि नियमितपणे’ घातलं. तिच्या मते त्या दोन शब्दांनीच केस उभी राहिली. तुम्ही अडून बसला नसता तर कॅलिफोर्निया म्हणालं असतं, एकदा-दोनदा चुकून झालं असेल, त्याला काय दुकान म्हणायचं? ती म्हणते, तुझ्या आतोबांना फ्रिस्कोला पाठव, मी पार्टनर करते.

भाषांतर करणाऱ्या बाईंनी हत्तीवर तळटीप घातली होती. संघमित्राने वेळेवर बघितली.

आता पुढचं. मृणालिनी फूड्स रीतसर न्यू जर्सीत रजिस्टर करतोय. म्हणजे गॅरेजात माल ठेवा, पाकिटं बदलून द्या, उजळ माथ्याने. गॅरेजचं भाडं तुम्हाला मिळणार, आणि भाडं नको म्हणालात तर मी पण सही करणार नाही. फळ्यांसाठी प्रितमला सांगितलंय, कंबर सांभाळून. आठ खोकी निघाली आहेत. हे पत्र चौथ्या खोक्यात मेतकुटाखाली आहे, म्हणजे सापडलं असेलच. आणि पुढच्या खोक्याबरोबर मी पण येतेय, फेब्रुवारीच्या सुट्टीत, आठ दिवस. फोन नको म्हणता ना? समोर बसून ओरडते.

फॉर्मवर पत्रव्यवहाराचा पत्ता विचारला होता. सरकारी टपाल कुठे पाठवायचं? संघमित्रा म्हणाली, फ्रीमाँटचा घाल, सोपं पडेल. मी तुमचा घातला. का ते विचारू नका. टपाल आलं की उघडून मला फोटो पाठवा, म्हणजे झालं.

तुमची, रेघेच्या खालचीसुद्धा,
नीला


एडिसन
२७ जानेवारी २०२६

चि. नीलेस अनेक आशीर्वाद,

आज रेघ कागदाच्या अगदी माथ्याला ओढली आहे, बघितलीस? ऑर्डरी मागच्या पानावर आहेत. हळदीकुंकू झालं, एकशे सोळा पाकिटं. या वर्षी मला आत बसू दिलं. स्वानंदीने भांडून परवानगी काढली.

गाडी पुन्हा बाहेर बर्फात आहे. खूश दिसते.

आता मुख्य सांगतो. गुरुवारी टपाल आलं. जाहिराती, विजेचं बिल, आणि न्यू जर्सी सरकारचं एक लांबट पाकीट, ते पारदर्शक खिडकीवालं. आतला कागद वाटेत सरकला असणार, कारण खिडकीत कंपनीचं पूर्ण नाव दिसत नव्हतं. नुसतं ‘मृणालिनी’ दिसत होतं, आणि खाली आपला पत्ता.

मी टपालपेटीपाशी तसाच उभा राहिलो. प्रितम गाडीवरचं बर्फ काढत होता, त्याने विचारलं, ‘काका, ऑल ओके?’ मी म्हटलं, अरे, काकूचं पत्र आलंय. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग मीच समजावून सांगितलं, नाहीतर त्याने ॲम्ब्युलन्स बोलावली असती.

तुझी आत्या टपाल कधी लगेच उघडायची नाही, आठवतं? आधी फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावायची, चहा-पाणी, स्वयंपाक, सगळं झालं की मग चष्मा शोधायची. मीही तसंच केलं. तीन दिवस ते पाकीट फ्रिजवर होतं. येता-जाता बघत होतो. तू फॉर्मवर माझा पत्ता का घातलास ते पहिल्याच दिवशी कळलं, नीले. विचारू नका म्हणालीस, म्हणून विचारत नाही. पण कळलं.

रविवारी उघडलं. आत रजिस्ट्रेशनचा कागद आहे, फोटो प्रितमच्या फोनवरून पाठवला. सोबत एक चिठ्ठी होती, की रिटर्न दर वर्षी भरायचं आणि सगळा पत्रव्यवहार याच पत्त्यावर होईल. दर वर्षी!

तेव्हा कर वेळेवर भरत जा. एक वर्षही चुकवू नकोस. त्यांनी तिला लिहिणं थांबवता कामा नये.

तुझा,
आतोबा